एकाच बाजूच्या पट्ट्या

गारखेडा, औरंगाबाद
२८ मार्च २०१६

ती. मुकुंदमामांस,

नमस्कार लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिला, असं समजा.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही आधी मामीला हाक मारली असेल. "सरोज, मनूचं पत्र आलंय. ताईचं काही बरंवाईट तर नाही ना, बघ." तसं काही नाही. आई ठणठणीत आहे आणि अजूनही दर भाऊबीजेला तुमच्या नावानं ताट काढून ठेवते. मीही मजेत आहे. आज तर फारच मजेत आहे, म्हणून लिहायला बसले.

आज ऑफिसात माझ्या टेबलावर एक फाइल आली. ट्रकवर बसवायच्या पाण्याच्या टाक्या, फायबरच्या, यंदाच्या टंचाईसाठी, काम तातडीचं. कारखाना वाळूजचा, मालक तुम्ही. ऑर्डर देणाऱ्यांनी अट घातली आहे की बाहेरच्या इंजिनिअरनं मजबुती तपासून दिल्याशिवाय एकही टाकी रस्त्यावर जाणार नाही. ही अट का आली, ते तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार? आणि तो बाहेरचा इंजिनिअर म्हणजे मी.

मी लगेच साहेबांकडे गेले. म्हटलं, हे माझे सख्खे मामा, तीन वर्षं आमचं बोलणं नाही, फाइल दुसऱ्या कुणाला द्या. साहेब म्हणाले, "फायबरच्या जोडांचं गणित करणारं या शहरात दुसरं कोण आहे सांग, त्याला देतो. तू तपास, सही मी करतो." मी थोडा वेळ विचार केल्याचं नाटक केलं आणि फाइल घेऊन जागेवर आले. तेव्हापासून हसू आवरत नाही.

फोन का केला नाही, असं म्हणाल. फोनवर तुम्ही बोलता आणि मी ऐकते, हे लहानपणापासून ठरलेलं आहे. कागदावर तुम्हाला मध्ये बोलता येत नाही.

तुम्ही विसरला नसणारच, तरी पुन्हा लिहिते, कारण तुमच्याकडे त्या गोष्टीची एक वेगळीच आवृत्ती आहे. मे २०१३. धरणं कोरडी, गावोगाव टँकरपुढे घागरींच्या रांगा. तुमच्या शेडमधून टाक्या घाण्यातून भजी काढावीत तशा निघत होत्या. गणित माझं होतं. टाकीच्या पोटात एक आडवी भिंत असते. ब्रेक लागला की सगळं पाणी एकदम पुढं धावू नये म्हणून. ती भिंत टाकीच्या अंगाला जिथं मिळते, तो कोपरा घेऊन मी महिनोन्महिने बसले होते. त्या कोपऱ्यावर भिंतीच्या पुढून आणि मागून, दोन्हीकडून, काचेच्या कापडाच्या पट्ट्या राळेत भिजवून थरावर थर बसवायच्या, असं मी लिहून दिलं होतं, तोंडानं सांगितलं होतं आणि शेडमध्ये उभं राहून दाखवलंही होतं.

कन्नडच्या पुढं उतारावर बैलगाडी आडवी आली. तुमची टाकी घेऊन निघालेल्या ट्रकच्या ड्रायव्हरनं, रामकिसननं, ब्रेक मारला, आतली भिंत सुटली आणि सगळं पाणी त्याच्या पाठीवर आलं. ट्रक पुलाखाली गेला, रामकिसन जागच्या जागी गेला.

आणि तुम्ही त्याच्या बायकोसमोर, पोलिसांसमोर, पेपरवाल्यांसमोर काय म्हणालात? "माझ्या भाचीनं कॉम्प्युटरवर गणित केलं होतं. लेकरू आहे, चुकलं." किती मायेनं म्हणालात! लोकांना तुमचीच दया आली. मी कोपरा बघा, पट्ट्या बघा म्हणून ओरडत होते, तोवर फुटलेल्या टाकीचे तुकडे करून ते खड्ड्यात पुरून झाले होते. आईनं माझ्यापुढं हात जोडले, "मला एकच भाऊ आहे गं." त्यानंतर दीड वर्ष मला या शहरात कुणी काम दिलं नाही.

लग्नात मुलीच्या पाठीशी मामा उभा राहतो. तुम्ही माझ्या पाठीशी उभे राहू नये म्हणून मी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. हे खरं कारण आईनं तुम्हाला सांगितलं नसेल.

तुमची फाइल मी नीट तपासणार आहे. अगदी नीट. काळजी करा.

मनस्विनी


गारखेडा
११ एप्रिल २०१६

मामा,

पाडव्याला मामीनं आईकडे श्रीखंडाचा मोठा डबा पाठवला. त्यातलं अर्धं माझ्याकडं आलं. खाल्लं, फार छान होतं. त्यानं फाइलवर काही फरक पडणार नाही, एवढं मामीला सांगा.

फाइल मी परत पाठवली आहे, ते तुम्हाला कळलं असेलच. गणित करणाऱ्याचं नाव शेवटच्या पानावर वाचलं तेव्हा मात्र मी चहाचा कप खाली ठेवला. हिमांशू. तुमचा हिमांशू पुण्याहून एम.टेक. करून आला आणि तुमच्या शेडमध्ये बसायला लागला, हे मला आईनं सांगितलं नव्हतं. माझ्यासमोर तुमच्या घरातली चांगली बातमी काढायची नाही, असा तिनं नियम केला आहे.

खरं सांगू? मला आनंद झाला. देव आहे, असं क्षणभर वाटलं.

आणि तुमच्या मुलानं चूक कोणती करावी? जी पुस्तकातून शिकून आलेला प्रत्येक जण करतो तीच. कॉम्प्युटरवर टाकीचे बारीक बारीक चौकोन पाडतात, चौकोन एकमेकांना बिंदूंनी जोडलेले असतात. यानं भिंतीच्या कडेचे बिंदू आणि टाकीच्या अंगाचे बिंदू एकच करून टाकले. झालं, कॉम्प्युटरला वाटलं की भिंत आणि टाकी एकाच अंगाच्या आहेत, कोपरा म्हणून काही नाहीच. मग तो कशाला तुटतोय? लोखंडाचं वेल्डिंग असतं तर एक वेळ चालून गेलं असतं. इथं टाकीच्या अंगातला काचेचा एकही धागा भिंतीत जात नाही, भिंतीतला एकही टाकीत येत नाही. मध्ये असते ती नुसती राळ आणि वरून चिकटवलेल्या पट्ट्या. सगळा जीव त्या पट्ट्यांत. आणि गणितात पट्ट्याच नाहीत!

त्यानं मला फोन केला. "ताई, चित्रात धोक्याचा लाल रंग कुठंच नाही. सगळं निळंशार आहे. मग परत का पाठवलीस?"

मी म्हटलं, "कोपरा कुठाय?"

"म्हणजे?"

"भिंत टाकीला कशानं चिकटलीय?"

तिकडून कीबोर्ड बडवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "रविवारी घरी येऊ का?"

मला त्याचा राग करायचा होता, मामा. तयारी पूर्ण होती. पण तो आला, चप्पल दाराबाहेर काढली, माझ्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि विचारत राहिला. तुमच्यात नाही ती एक सवय त्याच्यात आहे, त्याला न कळलेलं तो विचारतो. कोपऱ्यातली राळेची गोलाई वेगळी कशी दाखवायची, पट्टीचा प्रत्येक थर त्याच्या धाग्यांच्या दिशेसकट कसा मांडायचा, पट्टी आणि भिंत यांच्यात सुटू शकेल असा पातळ थर का ठेवायचा, सगळं मी त्याला शिकवलं. "म्हणजे जोड किती भाराला सुटेल एवढंच नाही, कुठून उसवत जाईल तेही कळतं," असं तो स्वतःच म्हणाला. तेव्हा मला भरून आलं आणि भरून आल्याचाही राग आला.

जाताना त्यानं विचारलं, "ताई, तेव्हा तू हे सगळं केलं होतंस?"

म्हटलं, "बाबांना विचार."

विचारलं का त्यानं? काय सांगितलंत?

मनस्विनी


गारखेडा
२३ एप्रिल २०१६

मामा,

तीन वर्षांनी तुमचा आवाज ऐकला. बसला आहे थोडा. औषध घ्या.

फोनवर मी नेहमीसारखी गप्पच होते, म्हणून उत्तर इथं देते. तुम्ही म्हणालात, "मनू, हिमांशूचं गणित पास झालं ना? मग टाकी कशाला भरायलीस? इथं लोकांना प्यायला पाणी नाय."

गणित पास झालं. अगदी चोख आहे. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या, थर, दिशा, सगळं जागच्या जागी. मी स्वतः वेगळं करून पडताळलं. हिमांशूच्या कागदावरची टाकी कन्नडच्या उतारावर रोज ब्रेक मारला तरी सुटणार नाही.

पण मी काय कागद ट्रकवर ठेवून पाठवणार आहे का? मी कळवलं होतं की पहिल्या टाकीचे दोन अर्धे जोडण्याआधी मला बोलवा, कोपरा डोळ्यांनी बघायचा आहे. मी वाळूजला पोचले तर टाकी बंद! "घाई होती, मॅडम," तुमचा सुपरवायझर म्हणाला. मॅडम म्हणाला, बरं वाटलं. मागच्या वेळी हाच माणूस मला बेबी म्हणायचा.

मामा, ती शेड मला पाठ आहे. पुढच्या पट्ट्या वाळेपर्यंत थांबायचं नसलं की तुम्ही दोन्ही अर्धे लगेच जोडता. एकदा जोडले की पुढच्या कप्प्यात माणूस शिरत नाही, तिकडं नुसतं हात जाईल एवढं पाणी भरायचं तोंड आहे. मागच्या कप्प्याला मोठं झाकण आहे, तिथून माणूस आत उतरतो आणि पट्ट्या मारतो. फक्त मागून. तुमचा हिशेब असा की आहे ना पट्टी, धरील. आणि ब्रेक लागला की पाणी मागून पुढं ढकलतं. भिंत पुढं झुकते, मागची पट्टी टोकापासून उसवत जाते आणि पुढून धरायला काहीच नसतं. रामकिसनच्या टाकीचं हेच झालं. मला तेव्हाच माहीत होतं आणि तुम्हालाही.

म्हणून चाचणी होणार. टाकी ट्रकवरून उतरवून आवारात ठेवायची, पाणी इकडून तिकडं जायला भिंतीत ठेवलेलं लहान भोक फळी मारून बुजवायचं आणि एकच कप्पा पाण्यानं भरायचा. एका बाजूला पाणी, दुसरी बाजू रिकामी, म्हणजे ब्रेक मारल्याइतका जोर भिंतीवर येतो. कुणी आत नाही, कुणी चाकावर नाही. मागच्या वेळी ही चाचणी तुम्ही रामकिसनकडून करून घेतली होती. पाण्याची चिंता नको, एक थेंब वाया जाणार नाही, नंतर ते शेडमागच्या वस्तीतल्या पिंपांत जाईल. तसं मी बायकांना सांगूनही ठेवलं आहे.

दुसरी अट. त्या दिवशी रामकिसनच्या बायकोला, द्वारकाबाईंना, बोलवायचं. त्या कन्नडला शाळेत पोरांची खिचडी शिजवतात. गाडी मी पाठवीन.

तुम्ही म्हणाल, "ती कशाला?" मला पाहिजे म्हणून.

आता ऐका. अजून आठवडा हाताशी आहे. टाकी कापा, पुढच्या बाजूला पट्ट्या घाला, पुन्हा जोडा. सहज होईल. पण कापायला घेतलीत की हिमांशू विचारणार, "बाबा, का कापताय?" आणि मग त्याला सांगावं लागणार. मी तुम्हाला ओळखते. तुम्ही कापणार नाही. धरील, धरील म्हणत त्या दिवसापर्यंत याल.

आणि नाही धरलं तर तुमच्याकडं दोनच उत्तरं आहेत. एक, पोराचं गणित चुकलं. दुसरं तुम्हाला माहीत आहे. कोणतं देता ते बघायला मी नवी साडी काढून ठेवली आहे.

हो, सूडच आहे हा. चांगलं नाव देत बसत नाही.

मनस्विनी


गारखेडा
३ मे २०१६

मामा,

काल तुम्ही तिथंच होता. तरी मी लिहिणार, कारण काल काय झालं ते तुम्ही उद्या वेगळं सांगाल.

ऊन मी म्हणत होतं. मामीनं सगळ्यांसाठी पन्हं केलं होतं. मला ग्लास देताना तिनं टाकीकडं एकदाही बघितलं नाही, तेव्हा मला कळलं की मामीलाही ठाऊक आहे. ऑर्डर देणाऱ्यांची माणसं सावलीत खुर्च्या टाकून बसली. साहेब आले होते. द्वारकाबाई उन्हातच उभ्या राहिल्या, खुर्ची दिली तर म्हणाल्या, "नगं, इथनं दिसतंय." माझ्याकडं त्यांनी एकदाच बघितलं. ती नजर मी विसरणार नाही. तीन वर्षं तुमच्या खोट्यानं घडवलेली नजर होती ती.

हिमांशूनं पाइप उचलला आणि विचारलं, "कुठला कप्पा भरायचा, ताई?"

आणि माझ्या आधी तुम्ही बोललात. "पुढचा भर. पाइप तिकडंच पुरतो."

मामा, तुम्ही गप्प बसला असतात तर अजून थोडा वेळ तरी वाचला असतात. पुढचा कप्पा भरला तर पाणी भिंतीला मागं ढकलणार, मागच्या पट्ट्यांवर दाबणार, आणि टाकी धरणार. पट्ट्या कुठल्या बाजूला आहेत हे माहीत असलेला माणूसच असं म्हणेल. मी काही बोलले नाही. हिमांशू बोलला.

"बाबा, ब्रेक मारल्यावर पाणी पुढं जातं. जोर मागून येतो. मागचाच भरावा लागंल."

"अरे, पाइप पुरत नाय ना तिकडं!"

"पाइप मी आणलाय," मी म्हटलं. गाडीच्या डिकीत होता. नवा कोरा, पिवळा. रात्री सगळं डोळ्यांपुढं येत होतं तेव्हाच मला माहीत होतं की पाइप पुरणार नाही.

हिमांशू तुमच्याकडं बघत राहिला. तुम्ही टाकीकडं बघत होता. मग त्यानं पिवळा पाइप जोडला.

लोकांना वाटत होतं की काहीतरी मोठा धमाका होईल. तसं काही झालं नाही. पाणी झाकणाच्या जरा खाली आलं, आतून कापड टरकावं तसा आवाज आला, मग एक धप्प. बाहेरून टाकी जशीच्या तशी. फक्त मागच्या झाकणातून दिसणारं पाणी सरसर खाली गेलं आणि अर्ध्यावर थांबलं. बाकीचं अर्धं पुढं गेलं होतं. वस्तीतली एक म्हातारी म्हणाली, "पाणी कुटं गेलं बाई?" आणि कुणाला हसूही आलं नाही.

हिमांशूनं मोबाइल काठीला लावला, सेल्फी काढतात तसा, टॉर्च चालू करून पुढच्या तोंडातून आत सोडला. काठी बाहेर काढून त्यानं फोटो बघितला. पाण्याच्या वर उरलेला कोपरा कोरा होता. पट्टी नाही, राळेचा ओघळ नाही, काही नाही. त्यानं फोटो मला दाखवला नाही. तुमच्यापुढं धरला.

मी वाट बघत होते. मामा, आयुष्यात मी कशाची एवढी वाट बघितली नाही. साहेब उठून म्हणाले, "म्हणजे गणितात काही..." आणि त्यांचं वाक्य तुम्ही पुरं होऊ दिलं नाही.

"हिमांशूचं काही चुकलं नाय. त्याचं गणित बरोबर हाय. पट्ट्या मी कमी करायला लावल्या. माझी चूक हाय."

एका दमात. कुणी जोर केला नाही, कुणी विचारलंसुद्धा नाही. त्याच्या अंगावर नुसती सावली पडली तर तुम्ही मध्ये आलात. हे तुम्हाला येत होतं तर! मी तर समजत होते की तुमच्या तोंडाला ते शब्दच येत नाहीत, जन्मतःच काही उणीव असेल. माझ्या वेळी तुमच्याकडं तेच तोंड होतं, मामा.

मला आनंद झाला, तो किती झाला ते लिहीत नाही. आणि त्याच्या पाठोपाठ इतकं रडू आलं की मी ते पन्हं घटाघटा पिऊन टाकलं.

मग द्वारकाबाई पुढं आल्या. "साहेब, आमच्या टँकरात किती बाजूनं हुत्या पट्ट्या?"

तुम्ही चष्मा काढून पुसायला लागलात. "बाई, तेव्हाचं वेगळं होतं."

"येगळं कसं? टाकी तीच, भिंत तीच, तुमी तेच. सांगा की. दोन्ही बाजूनं हुत्या का नाय?"

तुम्ही शेडमध्ये निघून गेलात. मुलासाठी बोललात, रामकिसनसाठी नाही, माझ्यासाठी तर नाहीच. मामी तुमच्या मागं गेली नाही, हे तुम्ही बघितलंत का? ती तिथंच उभी राहिली आणि वस्तीतल्या बायकांच्या कळशा भरायला लागली.

द्वारकाबाई माझ्याकडं आल्या. माझं मनगट धरलं. "ताई, तीन वर्सं म्या तुमचंच नाव घिऊन बोटं मोडली. शाळंत चुलीम्होरं बसून रोज शिव्या घातल्या. लई वंगाळ वंगाळ." मग म्हणाल्या, "त्या आता कुनाला घालू, त्ये त्यांनी सवताच्या तोंडानं म्हनून दाखवलं तर बरं."

मी म्हटलं, "म्हणतील."

मनस्विनी


गारखेडा
२५ मे २०१६

मामा,

तुमचं पत्र मिळालं. आईच्या हाती पाठवलंत, चांगली युक्ती. तिनं पुन्हा हात जोडले. या वेळी मी तिचे हात धरून खाली ठेवले आणि तिला विचारलं, "आई, तुला भाऊ एकच आहे. मुली किती आहेत?" ती स्वयंपाकघरात गेली. अजून माझ्याशी नीट बोलत नाही, पण काल तिनं माझ्यासमोर द्वारकाबाईंचं नाव घेतलं. तीन वर्षांत पहिल्यांदा.

तुम्ही लिहिता, झालं गेलं विसरून जा, अहवालात हिमांशूला सांभाळ, त्याचं अख्खं आयुष्य पडलं आहे. माझंही पडलं होतं, मामा. पण तुमच्या माहितीसाठी, अहवाल गेला. त्यात पहिल्याच पानावर लिहिलं आहे की जोडाचं गणित बरोबर होतं, बांधणी गणिताप्रमाणे झाली नाही. हे वाक्य लिहायला मला काहीच कष्ट पडले नाहीत. दुसऱ्याच्या पोराबद्दल खरं बोलणं इतकं सोपं असतं.

ऑर्डर तुमच्याकडून गेली, ते कळलं. वाईट वाटलं नाही.

आता ज्यासाठी लिहिते आहे ते. द्वारकाबाईंनी रामकिसनच्या अपघाताचा तपास पुन्हा व्हावा म्हणून अर्ज केला आहे. वकील मी बघून दिला. टाकी तुम्ही पुरलीत, त्यामुळे दाखवायला काही नाही, असं तुमचा वकील म्हणेल. पण ट्रक पुलाखालून काढला तेव्हाचे पोलिसांचे फोटो आहेत. टाकी फुटून उघडी पडली होती आणि भिंत झाकण निघावं तशी अख्खी पुढं पडलेली स्पष्ट दिसते. पुढच्या अंगावर कापडाचा एक धागा नाही. दोन्ही बाजूंनी पट्ट्या असत्या तर ती टाकीच्या अंगाचे लचके घेऊन सुटली असती. मात्र हे नुसतं मी म्हणून चालणार नाही, मी तुमची दुखावलेली भाची. हे म्हणायला दुसरं कुणीतरी हवं होतं, जोडाचं गणित येणारं, माझ्या बाजूचं नसलेलं. मी कुणाला विचारलं नव्हतं. शप्पथ, हिमांशूला तर मुळीच नाही.

काल संध्याकाळी हिमांशू आला. त्यानं रामकिसनच्या टाकीचं गणित नव्यानं केलं होतं. एकदा दोन्ही बाजूंच्या पट्ट्या धरून, एकदा एकाच बाजूच्या. कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या चित्रातली भिंत पोलिसांच्या फोटोसारखीच सुटते, त्याच टोकापासून, त्याच दिशेला पडते. चित्र दाखवताना तो एकदाही अडखळला नाही. दाखवून झाल्यावर मात्र त्यानं लॅपटॉप मिटला आणि दोन्ही तळहातांनी दाबून धरला.

म्हणाला, "साक्षीला माझं नाव घाल, ताई."

मी त्याला विचार कर म्हटलं नाही. बाबांचं काय होईल, आईचं काय होईल, तेही म्हटलं नाही. वकिलांना तिथूनच फोन लावला आणि त्याच्या हातात दिला. त्यानं स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं. मधलं नाव, तुमचं, सांगताना आवाज बारीक झाला, पण सांगितलं.

फोन झाल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. मी पोळ्या लाटत होते. दाराशी येऊन त्यानं विचारलं, "बाबांना तू सांगशील, का मी सांगू?"

म्हटलं, मी लिहिते. म्हणून हे पत्र.

मनस्विनी